एका डोळ्याला एक गोळी

गल्लीत त्याला सगळे काजवा म्हणत. धंदा फोटो काढण्याचा आणि स्वतःच्या पापण्या अखंड लुकलुकणाऱ्या. असं आयतं नाव लोक सोडतात होय! डोळ्यांची उघडझाप झाली की पाठोपाठ मान डावीकडे झटका घ्यायची. बिचारा कॅमेऱ्याशेजारी उभा राहून "पापणी हलवू नका हं" म्हणायचा, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत नेमकं तेव्हाच डोळे मिटायचं. जांभईसारखंच असतं ते, एकाची दुसऱ्याला लागते. ओळखपत्रांवर निम्मी गल्ली गाढ झोपलेली असे.

दुकान दोघा भावांचं. धाकटा काउंटरवर बसे.

"दादा, आपण फोटो काढतो की लोकांना भूल देतो?"

काजवा हसायचा. हसला की मान आणखी उडायची.

मग शाळेचं काम आलं. चारशे मुलांची ओळखपत्रं, तीन आठवड्यांनी. धाकट्याने या वेळी थट्टा केली नाही.

"हे बिघडलं, तर कॅमेरा मी धरणार. तू मागच्या खोलीत फोटो कापत बस."

कॅमेऱ्यामागे काजवा जगाकडे बघे. बाकी दिवसभर जग त्याच्याकडे बघे. कॅमेरा जाण्याच्या काळजीने पापण्यांना असा ऊत आला की रस्त्यापलीकडच्या बायका उगाच पदर सावरू लागल्या.

डॉक्टरांनी बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. "रोज एक. शरीरात कमी असेल तर थोडाफार उपयोग होईल. नसेल तर लघवी पिवळी होईल, बाकी काही नाही."

शेवटचं वाक्य नवराबायकोपैकी कुणालाच ऐकू आलं नाही. घरी येऊन बायकोने हिशेब मांडला. "अहो, एक गोळी पुरेल कशी? एका डोळ्याला एक, दुसऱ्याला एक आणि मानेला एक."

"मानेला अर्धी पुरे. ती एकाच बाजूला उडते."

"गप घ्या."

लघवी हळदीसारखी झाली. बायकोला वाटलं, चला, रोग बाहेर पडतोय. गुण येतोय का ते बघायला ती रोज दुकान बंद व्हायच्या वेळी येऊन स्टुलावर बसे आणि तो तिचा फोटो काढी. पहिले आठ दिवस तिचे डोळे मिटलेले. नवव्या दिवशी उघडे! दहाव्याही! काजव्याने फोटो धाकट्याच्या नाकासमोर नाचवले. "बघ, बघ, टक्क उघडे आहेत!" पंधरा दिवसांत पंधरा वर्षांनी तरुण झाला गडी. शिट्टीसुद्धा वाजवायला लागला.

शाळेत पहिल्या तुकडीने डोळे मिटले. दुसरी तुकडी आधी हसली, मग तिने मिटले. तिसऱ्या तुकडीला बाईंनी दम भरला, तेव्हा मुलांनी मिटल्या डोळ्यांनी मानाही डावीकडे झटकल्या, अगदी शिस्तीत. दुपारी धाकट्याने काजव्याच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला.

घरी आल्यावर काजव्याने बायकोचे उघड्या डोळ्यांचे फोटो ओळीने मांडले. प्रत्येकात तिची नजर त्याच्या कानाच्या वीतभर वरून गेली होती.

"कुठे बघत होतीस?"

तिने एक फोटो पालथा घातला. मग म्हणाली, "भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. तुमच्याकडे बघितलं की माझेही मिटतात हो. म्हटलं, तुम्हाला जरा धीर येईल."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता फोटो गोळा करत राहिला.

डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. "तुमच्यात बी भरपूर आहे. आणि रोज तीन कुणी सांगितल्या होत्या? बंद करा. अती घेतल्या तर हातापायांच्या नसा बधिर होतात."

"म्हणजे कमी नव्हतंच?"

"अजिबात नाही. रिपोर्ट उत्तम आहे."

उत्तम रिपोर्ट हातात घेऊन एवढा पडलेला चेहरा त्या दवाखान्याने पाहिला नसेल. कमी असतं, तर भरून तरी काढता आलं असतं.

आता धाकटा फोटो काढतो. सगळ्यांचे डोळे छान उघडे येतात. मागच्या खोलीत काजवा ते चेहरे चौकोनी कापतो; मानेला झटका आला की कात्री थांबवतो, झटका ओसरला की पुन्हा चालवतो.