तुरकाठीची जागा

"आपलं काय जाऊन राह्यलंय?" असं म्हणत मुन्शीजी दोन्ही तळहात उलटसुलट करून दाखवत, जणू झडतीच देत आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या झडत्या घेणाऱ्या माणसाला ती सवय जडली असावी.

आमचं गाव भोकरदनच्या पलीकडे, निजामाच्या हद्दीच्या टोकाला. ओढा ओलांडला की वऱ्हाड, म्हणजे तेव्हाचा इंग्रजांचा मुलूख. म्हणून वेशीशी करोडगिरीचा नाका होता. येणाऱ्याजाणाऱ्या मालावर तिथे जकात घेत. मुन्शीजी तिथले जुने कारकून, मी नवा.

हे वाक्य त्यांच्या तोंडी कधी येई, ते सांगायला हवं. पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी कुठेही रुजतं. देवळाच्या शिखरात, विहिरीच्या चिऱ्यात, नाक्याच्या चुन्याच्या भिंतीत. वेळीच काढलं नाही तर भिंत फुटते. पण काढणार कोण? पिंपळ उपटला की वंश बुडतो, अशी आमच्याकडे भीती. लेकराबाळांचा माणूस त्याला हात लावत नसे. मुन्शीजींची बायको आणि तान्हा मुलगा मानमोडीच्या तापाच्या साथीत एकाच आठवड्यात गेले होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. तेव्हा कुठे पिंपळ दिसला की निरोप नाक्यावर येई.

"मुन्शीजी, शिखरात पिंपळ आलाय. तुमचं आपलं बरंय, मागंपुढं कुणी न्हाई."

लोक हे तोंडावर बोलत. मुन्शीजी तळहात दाखवत, पायजमा खोचत आणि शिडीवर चढत.

पण उपटलेलं रोप त्यांनी कधी फेकलं नाही. फुटक्या रांजणाच्या बुडात माती भरून ते नाक्याच्या मागे लावत. एकाशेजारी एक, अगदी चिकटून. मग जप्तीच्या गठ्ठ्यांवरून उतरलेल्या सुतळीने सगळ्यांना मिळून बांधून टाकत. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिली रोपं त्यांनी तारेने आवळली होती, ती तारेनेच कापली गेली. पुढे सुतळी सैल ठेवली, तर रोपं एकमेकांपासून फाकली. अशा चुका करत करत एकदाचं जमलं. सालीला साल लागली आणि पाच रोपांचं एक खोड होऊ लागलं. उन्हाळ्याच्या अखेरीस झाड उपसून ते मुळ्या छाटत आणि पुन्हा त्याच रांजणात बसवत. त्यामुळे खोड जाड होई, पण झाड गुडघ्याच्या वर जाईना. अशा झाडांना बोन्साय म्हणतात, हे मला पुढे पुण्यात एका प्रदर्शनात कळलं. त्या प्रदर्शनात मी फार वेळ थांबू शकलो नाही.

गाडीवाले टिंगल करत. "मुन्शीजी, लेकरू किती वाढलं?"

"यंदा दोन पानं." ते गंभीरपणे सांगत. "तुझ्या पोत्यात काय हाये? मिरच्या म्हणतोस, अन् शिंका तर येऊन न्हाई राह्यल्या!"

एकदा त्यांनी माझा हात धरून खोडावर ठेवला. "पाह्य बरं. शिखरातलं कुठं संपलं, अन् मशिदीच्या भिंतीतलं कुठं लागलं?"

मी बोटांनी चाचपलं. मला सांगता आलं नाही. ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या पैशाने चहा मागवला. हे कधी घडत नसे.

एका उन्हाळ्यात त्या पाचांतलं विहिरीतलं रोप वाळलं. खोडाला पूर्वेकडून उभी फट पडली. तिथे बसेल असं रोप त्यांना मिळेना. एखादं आखूड निघे, एखादं ताठ. आणि एके दिवशी माझ्या घरी ताक प्यायला बसले असताना त्यांची नजर न्हाणीच्या भिंतीवर गेली. तिथे एक पिंपळ उगवला होता. बोटाएवढा जाड, मध्ये किंचित वाकलेला. ताक तसंच ठेवून ते उठले आणि वितीने तो मोजू लागले.

"बराबर बसतंय," ते म्हणाले. "ह्याच्यासाठीच फट पडल्ती बघ. देशील ना मला?"

एखाद्या गोष्टीसाठी त्यांनी कुणापुढे हात पसरलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. त्याआधी दोनदा दिवस राहून गेले होते. आई स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती. ते गेल्यावर ती म्हणाली, "त्या मुन्शीला सांग, ह्या भिंतीकडं बघू बी नको म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "बाळंतपण होऊ द्या मुन्शीजी. मंग काढा."

"बिलकुल! जल्दी काय हाये? झाड कुठं पळून राह्यलंय?"

त्याच संध्याकाळी त्यांनी तुरीची एक काठी तासून त्या फटीत बसवली. बाकीची खोडं फुगून ती जागा मिटवू नयेत म्हणून. काठी कुजली की नवी बसवत.

मला मुलगा झाला. बारशाला सगळा नाका बोलावला. नाक्याचे अधिकारी अमीनसाहेब, त्यांनी चांदीचा वाळा पाठवला. फक्त मुन्शीजींना बोलावणं गेलं नाही. आईने नाही म्हटलं, हे खरं. पण मी तिच्याशी वाद घातला नाही, हेही खरं. मनातून मलाही भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "बारसं घरच्या घरीच उरकलं."

तेवढ्यात कासीम शिपाई आत आला. त्याच्या रुमालात बांधलेल्या घुगऱ्या होत्या. "मुन्शीजी, घ्या की. कालच्या बारशाच्या हायेत. किती माणूस आल्तं! तुम्ही कुठं गेल्ते?"

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. चिमूटभर घुगऱ्या घेतल्या, सावकाश चावल्या आणि म्हणाले, "मीठ बराबर पडलंय."

न्हाणीतल्या पिंपळाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही. मुलगा रांगू लागला, चालू लागला. मुन्शीजी नाक्यावर माझ्याशी पहिल्यासारखंच बोलत. ज्या दिवशी ते तुरकाठी बदलत, त्या दिवशी मी मागच्या बाजूला जात नसे.

मग निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने आले. गावोगावी धाक होता. लोक रातोरात ओढा ओलांडून वऱ्हाडात जाऊ लागले. मीही आईला, बायकोला आणि मुलाला गाडीत घालून निघालो. नाक्याचा अडसर मुन्शीजींनीच वर केला.

"तुम्ही पण चला," मी म्हणालो.

"झाडाला पाणी कोण घालंल?" त्यांनी तळहात दाखवले. "आपलं काय जाऊन राह्यलंय?" मग गाडीत वाकून त्यांनी मुलाकडे पाहिलं. हात पुढे केला, आईकडे लक्ष जाताच मागे घेतला, आणि बैलाच्या पाठीवर थाप मारली.

आम्ही परतलो तेव्हा राज्य बदललं होतं. मुन्शीजी नव्हते. त्यांना ताप आला आणि चार दिवसांत ते गेले, असं कासीमने सांगितलं. अग्नी कुणी दिला म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "कोन देनार? कोतवालानं दिला."

मी मागे गेलो. रांजणातली माती ओली होती. कासीम पाणी घालत होता. फटीत मुन्शीजींनी बसवलेली तुरकाठी होती, आणि ती नवी होती. तिच्यावर तासल्याच्या खुणा अजून पांढऱ्या होत्या.

पुढे नाका उठला. झाड तसंच राहिलं असतं तर कुणीतरी रांजण फोडला असता. म्हणून मीच ते काढून नाक्याच्या विहिरीजवळ जमिनीत लावलं. काठी काढायला माझा हात धजला नाही. ती आपोआप कुजून गेली.

तुम्ही आमच्या गावावरून गेला असाल तर तो पिंपळ पाहिला असेल. कुणा बैराग्याने तिथे चिमटा रोवला आणि त्याला पालवी फुटली, असं लोक सांगतात. ते खोटं आहे. बैरागी वगैरे कुणी नव्हता. खोडातल्या फटीला देवळी म्हणतात, तिथे दिवा लावतात. मूल होत नसलेल्या बायका त्या झाडाला प्रदक्षिणा घालतात. ज्या माणसाला आम्ही पाळण्याजवळ येऊ दिलं नाही, त्याचं हे झाड आहे.

न्हाणीतला पिंपळ मी शेवटपर्यंत कुणाला काढू दिला नाही. त्याने भिंत फोडली. आता न्हाणी नाही, त्याची सावली आहे.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण आहे. देवळीत दिवा मावेनासा झाला म्हणून ती छिन्नीने मोठी करून आत मूर्ती बसवायचं गावाने ठरवलं आहे. माझी विनंती एवढीच की छिन्नी लावू नका. ती जागा देवाची नाही. माझ्या भिंतीतल्या रोपाची वाट पाहत एका माणसाने ती काठीने उघडी ठेवली होती.

पूर्वी माझा हात मनगटापर्यंत त्या फटीत जाई. काल जाऊन पाहिलं. आता फक्त दोन बोटं जातात.