व्यापाऱ्यांच्या ओळीतून

माझी उर्जा माझ्याशी जर्मनमध्ये बोलते आणि विभावरीशी मराठीत. हे काही केल्या डोक्यातून जात नाही. ही बाई माझी मुलगी हळूहळू स्वतःकडे ओढून घेतेय, असं वाटतं आणि झोप उडते.

विभावरी साताऱ्याची, इतिहासात एम.ए. नवऱ्याला, कुमारला, जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या कार कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आली. इथे तिच्या पदवीला कोणी विचारलं नाही. काही वर्षं बेकरीत पाव विकता विकता तिने जर्मन शिकून घेतलं. आता शनिवारी एका छोट्या संग्रहालयात लोकांना जुना चीन समजावून सांगते. सोळा वर्षांची उर्जा तिच्या मदतीला जाते. विभावरीचं जर्मन चुकलं की उर्जा सुधारते, उर्जाचं मराठी चुकलं की दोघी हसतात आणि गप्पा पुढे चालू. घरी मी काहीही विचारलं तर फक्त जर्मनमध्ये "या, गेनाऊ", म्हणजे "हो, बरोबर".

गेल्या शनिवारी मी बघायलाच गेले, चांगली रेशमी ओढणी घेऊन. विभावरी पाहुण्यांना जुन्या चिनी समाजासारखं ओळींत उभं करत होती. पुढे विद्वान, राज्यकारभार त्यांच्या हाती. मग शेतकरी, सगळ्यांना जेवू घालणारे. मग कारागीर. व्यापारी शेवटी, कारण ते स्वतः काही बनवत नाहीत.

"तुम्ही ऑफिसात काय करता?" तिने मला सगळ्यांदेखत विचारलं.

"सॉफ्टवेअर विकते."

"मग मागे या! आणि ओढणी काढा. हान राजांनी व्यापाऱ्यांना रेशीम घालायला बंदी केली होती, पैसा कितीही असो."

कारागिरांच्या ओळीत उभी असलेली उर्जा पोट धरून हसली. घरी ती अशी हसलेली मला आठवत नाही.

"तू पुढे हो ना, विद्वानांत," मी तिला म्हटलं. शाळा संपली की कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात इंजिनिअरिंग, हे आमचं केव्हाचं ठरलेलं.

ती कारागिरांतून हलली नाही. "मी इथेच बरी आहे, आई. खरंच. मला सुतारकाम शिकायचंय. एका वर्कशॉपने आउसबिल्डुंगला हो म्हटलंय, तिथेच काम करत करत शिकायचं."

इतकं सलग मराठी! मी विभावरीकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. मी म्हणतच होते तिला, आधी आईला सांग."

म्हणजे मला कधी सांगायचं, तेही हिनेच ठरवायचं. गाडीत मी उर्जाला कारण विचारलं. दोन जर्मन शब्द, मग कानात हेडफोन.

विभावरीवरचा माझा राग अजून गेलेला नाही, जाईलसं वाटतही नाही. पण सुतारकामच का, कधीपासून मनात होतं, हे मला उर्जाच्या तोंडून ऐकायचंय, आणि ती बोलते ते ही बाई समोर असली की. सकाळी मी विभावरीलाच फोन करणार आहे. म्हणणार, रविवारी आमच्याकडे जेवायला या आणि उर्जाच्या शेजारी बसा.