डॉक्टरआजींचे डबे

चष्मा केसांवर सरकवायचा, समोरच्याकडे टक लावून पाहायचं आणि म्हणायचं, "बरं, मग?" एवढ्या दोन शब्दांत डॉक्टरबाईंनी माझ्या कित्येक महिन्यांच्या कामातली हवा काढून घेतली होती.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. आमच्या बाई नॉटिंगहॅममध्ये लहान मुलांच्या डॉक्टर होत्या आणि निवृत्तीनंतर दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग घ्यायच्या. मुलं त्यांना डॉक्टरआजी म्हणत. माझी मुलगी त्या वर्गात होती, आणि मी मुलांना भाषा शिकवणारं ॲप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. मराठीच्या धड्यांना बक्षिसं कशी ठेवायची, हे माझं काम. त्यात माझा स्वार्थही होता. सांगलीला माझ्या आईला इंग्रजी येत नाही, आणि मुलगी मराठी बोलायला लाजायची. व्हिडिओ कॉलवर दोघी एकमेकींना हात हलवायच्या आणि नुसत्या हसत बसायच्या. आई थकत चालली होती. या दोघींचं बोलणं राहूनच जाईल, अशी मला धास्ती वाटायची.

पहिल्यांदा मी बरोबर उत्तराला चांदणी ठेवली आणि वर्गात ॲप वापरून पाहिलं. मुलं भलतीच हुशार. प्राण्यांचा सोपा धडा पुन्हा पुन्हा केला तरी चांदण्या मिळतात, हे त्यांनी लगेच हेरलं. एका मुलीनं तर अख्खा तास 'गाय'वरच काढला. बाईंनी तिच्या स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. "हिनं गोठा बांधलाय रे," त्या मला म्हणाल्या.

मग मी मशाल आणली. रोज धडा केला की मशाल पेटती, एक दिवस चुकला की विझली. माझी मुलगी फ्लूनं आजारी पडली आणि तिची मशाल गेली. खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा, आय ॲम डन विथ मराठी."

मी बाईंच्या घरी गेलो. त्या चहा गाळत म्हणाल्या, "अरे, वॉर्डात आम्हीपण स्टिकर द्यायचो. पण स्टिकर घेऊन मूल गप्प बसायचं का? कॉरिडॉरमध्ये आई दिसली की पळत सुटायचं, तिला सांगायला. तुझ्या ॲपमध्ये सांगायला कोण आहे?" निघताना त्यांनी करंज्यांचा डबा हातात दिला.

डबा परत करायच्या वेळी बायको त्यात चिवडा भरत होती. मुलीनं विचारलं, "व्हाय?" बायको म्हणाली, "अगं, रिकामा डबा परत देत नाहीत." मुलीला ते फार पटलं. तिनं चिवडा बाजूला करायला लावून आपले लाडके जेली बीन्स त्यात ओतले. शनिवारी बाईंच्या शेजारी बसून ती एकेक रंग समजावत होती. "रेड वाला स्ट्रॉबेरी आहे. ग्रीन नको खाऊ, तो यक आहे. मी खाल्ली होती, तर मला उलटी आली." आजारपणानंतर एवढं मराठी मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. बाईंनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मी चांदण्या काढल्या, मशालही काढली. आता धडा झाला की स्क्रीनवर डबा येतो. उघडला की भारतातल्या घरच्या कुणाचा तरी आवाज ऐकू येतो, आणि मुलानं आपलं बोलणं भरून डबा परत पाठवायचा. उशीर झाला तरी काही विझत नाही. ऑफिसात हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी बाई स्वतःच चकल्यांचा डबा घेऊन ऑफिसात आल्या. पुढच्या आठवड्यात आमच्या इंग्रज मॅनेजरनं तो धुऊन, शॉर्टब्रेडची बिस्किटं भरून माझ्याकडे दिला, तेव्हा काम फत्ते झालं.

ज्या मुलांचं भारतात कुणी उरलं नव्हतं, त्यांचे डबे बाईंनी आपल्याकडे मागून घेतले. सकाळच्या चहाबरोबर त्या ते उघडत आणि प्रत्येकाला उत्तर देत. "आज गुडघा दुखतोय बघ. तुझं मांजर काय म्हणतंय?"

या हिवाळ्यात बाई झोपेतच गेल्या. मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "सांगलीच्या आजीला सांगू?" मी फोन लावून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. बाईंनी माझ्या घरावर केवढे उपकार केले, ते त्यांना नीट सांगायचं राहिलं, एवढंच मनात येत होतं.

"आजी, आमची डॉक्टरआजी डेड झाली," मुलगी म्हणाली. "ती हळू चालायची. माझे जोक तिला कळायचे नाही, तरी हसायची."

माझ्या आईनं बाईंना कधी पाहिलं नव्हतं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"थांब हं बाळा, गॅस बंद करून येते," आई म्हणाली. "मग मला सगळं सांग."