मुलांचे पाय पाहणारे व्याही

चांदा जिल्ह्यातील मॅट्रिक पास मुलांच्या बापांची झोप वाघ आणि हिवताप यांनी मिळून उडवली नसेल, तेवढी एकट्या माझ्या व्याह्यांनी उडवली आहे. तक्रार मोघम असू नये म्हणून दिवस नोंदवतो. आषाढ पौर्णिमेच्या, म्हणजे आखाडीच्या, आदल्या दिवशी त्यांनी माझ्या घरचे पाणी नाकारले. पुढच्या आठवडी बाजारात त्यांनी माझ्या मुलाची परीक्षा घेतली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलगा घर सोडून गेला. जबाबदार व्यक्ती तीन : प्रथम व्याही, द्वितीय माझी पत्नी, जिने त्यांना बोलावणे धाडले, आणि तृतीय ते सर्व बाप, ज्यांनी या गृहस्थांना आजवर फुकट सल्ला देत हिंडू दिले.

व्याही ब्रह्मपुरीचे. धंदा भाताच्या शेतीचा. परंतु पेरणी आणि कापणी यांच्या मधला सर्व काळ ते, कुणीही नेमलेले नसताना, मुलांनी पुढे काय करावे हे सांगण्यात घालवतात. कोणत्या अधिकाराने, असे मी विचारले तेव्हा, मला 'इवाई' म्हणजे व्याही संबोधून, म्हणाले, "मले लहानपणी कोणी विचारलंच नाई ना इवाई, का तुले काय व्हाचं हाय. म्हणून मी साऱ्यायले विचारतो." यास कोणतेही न्यायालय अधिकार मानणार नाही. शाळा, सरकारी खाते, ठेकेदार, जातीची मंडळी यांपैकी कुणाचेही आपण नाही, असा त्यांचा मोठा ताठा. एका ठेकेदाराने, पोरे आमच्या लाकडाच्या डेपोकडे वळवा, म्हणून तांदळाची पोती पाठवली, तर त्यांनी ती त्याच गाडीतून परत केली आणि वर गाडीवानालाच विचारले, "तुहा पोरगा काय शिकते?"

या स्वतंत्र बाण्याचा सर्वांत निंद्य भाग असा की, ज्याच्या मुलाबद्दल सल्ला द्यायचा त्याच्या घरचे ते पाणीही घेत नाहीत. माझी कन्या त्यांची सून. जावयाचा बाप घरी आला की पाय धुवायला पाणी, पाट, गूळ हा मान गडचिरोलीत भिकाऱ्याच्या घरीही होतो. माझ्या पत्नीने पाण्याचा गडवा पुढे केला आणि यांनी हात जोडले. "आज नाई बाई. ज्याच्या घरचं पाणी पेलो, त्याच्याच मनासारखं तोंडातून निघते." पत्नी गडवा धरून तशीच उभी राहिली. भिंतीपलीकडच्या शेजारणीने एवढेच पाहिले, की व्याह्याने पाणी नाकारले. दिवे लागेपर्यंत सोयरीक मोडल्याची वार्ता गावभर झाली, आणि दुसऱ्या दिवशी चार बायका माझ्या मुलीच्या नावाने गळा काढायला आल्या. मुलगी सासरी सुखाने धान कांडत होती.

त्यांची परीक्षा म्हणजे निव्वळ थट्टा आहे. मुलाला आठवडी बाजारात न्यायचे, मोकळे सोडायचे आणि तासभर त्याचे पाय कुठे थांबतात ते पाहायचे. बापाने दहा पावले मागून, तोंड मिटून चालायचे. एका मालगुजाराच्या मुलाने डॉक्टर व्हायचे ठरवले होते. त्याचे पाय लोहाराच्या भात्यापाशी थांबले. आज तो चांद्याला हातात पाना घेऊन लॉऱ्यांखाली उताणा पडलेला असतो, आणि विचारणाऱ्यास बाप सांगतो की मुलगा ऑपरेशने करतो.

मी तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. माझ्या मुलाने वकील व्हावे, माझ्या हातचा अर्ज त्याने कोर्टात उभे राहून वाचावा, हे त्याच्या बारशालाच निश्चित झाले होते. मुलगा आज्ञाधारक, "हो" आणि "नाही" यापलीकडे घरात बोलत नसे. मी ते गांभीर्य समजत होतो. बाजारात तो पुस्तकांच्या दुकानावरून सरळ पुढे गेला आणि धानोऱ्याकडून चारोळी घेऊन आलेल्या बायकांपाशी जाऊन बसला. गोंडीत काही बोलला; त्या हसल्या. मग एका चिमुरडीला तो काडीने धुळीत तिचे नाव लिहून दाखवू लागला.

"उठ!" मी ओरडलो.

"इवाई, तोंड!" व्याही म्हणाले. "तास नाई झाला अजून."

तास झाल्यावर निकाल मिळाला. "हा वकील नाई होत. वकील समोरच्याले चूप करते, हा चूप बसलेल्यायले बोलतं करते. धानोऱ्याकडं मास्तर पायजेत."

साऱ्या तालुक्याचे अर्ज माझ्या हातचे. शाळामास्तरकीचा अर्ज मात्र मुलाने स्वतः लिहिला, आणि तो निर्दोष होता. नेमणूक झाली आणि तान्ह्या पोळ्याला तो धानोऱ्याकडे निघून गेला. मी व्याह्यांना सविस्तर अकरा पत्रे पाठवली. त्यांचे एकच कार्ड आले : "पोराले विचारा."

शेवटी प्रत्यक्ष पुरावा गोळा करावा म्हणून, वही घेऊन, बैलगाडीने धानोऱ्यापलीकडच्या त्याच्या शाळेच्या गावी गेलो. कुडाच्या भिंतींची एक खोली. आतून कुणी मोठ्याने, हसत, अर्धे मराठीत आणि अर्धे गोंडीत गोष्ट सांगत होते. पोरे मधेच ओरडून त्याला दुरुस्त करत होती, आणि तो त्यांच्याशी भांडत होता. गाडीवानाला मी विचारले, "हा कोण मास्तर?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुमचाच तर पोरगा हाय भाऊ."

तो आवाज मी पूर्वी ऐकलेला नव्हता. दाराशी उभा राहून मी वही उघडली. वहीत एक ओळ उतरली नाही. मग त्याने मला पाहिले. "बाबा? काऊन उभे आहा? बसा ना, गोष्ट संपू द्या." मी पोरांच्या मागे, जमिनीवर बसलो.

म्हणून ही जाहीर मागणी. व्याह्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी, गडचिरोलीत, चारचौघांसमोर उत्तर द्यावे. जे त्यांना एका तासात दिसले, ते सतरा वर्षे रोज त्याच्या शेजारी जेवायला पानावर बसून मला का दिसले नाही? उत्तर तोंडी द्यावे. लेखी उत्तराचे मला खंडन करता येते.