शामरावचा पाय

गुढ़ियारीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणी गेलं की नातेवाइकांच्याही आधी शामरावला फोन जातो. मंडळाची शववाहिनी तोच चालवतो. शववाहिनी म्हणजे एक छोटी पेट्रोलची पिकअप, मागे लोखंडी चौकट, वर पांढरी ताडपत्री. रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झाल्यापासून हेच त्याचं काम. पगार नाही. माझा बाप त्यानंच नेला, राकेशची आजी त्यानंच नेली.

आमच्याकडे प्रेत नेताना गाडी बुद्धविहारासमोर एकदा थांबते. वंदना होते, मग घाटाकडे निघते. नेमकी तिथेच ती बंद पडायला लागली. शामरावनं ब्रेक दाबला की इंजिन थरथरायचं, दोनदा खोकायचं आणि गप्प. वंदना संपली तरी सेल्फ नुसता कुरकुरत राहायचा. मग रडणारी माणसंच डोळे पुसून गाडीला धक्का मारायची. मागे प्रेत हिंदकळायचं. बायका म्हणायच्या, मेल्यालेही सुखानं जाऊ देत नाही.

राकेश मंडळाचा सचिव. मराठी सगळं कळतं त्याला, बोलतो हिंदीच. त्यानं प्लग बदलवले, फिल्टर साफ करवला, पण मेकॅनिकनं गाडी उभ्या-उभ्याच पाहिली, चालवून कोणी बघितली नाही. पुन्हा बंद पडली. तेव्हा सभेत सगळ्यांसमोर राकेश म्हणाला, "चाचा, गाड़ी में कुछ नहीं है. आपका पैर अब साथ नहीं देता. चाबी दे दो."

मी उठले. "आजीले नेलं तेव्हा पाय चांगला होता का रे? तेव्हा काहून नाही मागितली चाबी?" आणखीही बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. राकेश बसला. पण शामराव? एक शब्द नाही. खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसला. माझं डोकं फिरलं ते त्याच्यावरच. ज्याच्यासाठी भांडावं तोच मुका! या पाऱ्यात इतकी वर्षं असंच चाललंय, घसा माझाच बसतो.

सकाळी त्याच्या घरी गेले. "जय भीम काका. चला, भार्गवच्या गॅरेजात जाऊ."

"काहून? गाडीले काही झालं नाही."

"मग बंद काहून पडते?"

त्यानं पाय पुढे करून तळवा दाखवला. मग म्हणाला, "शुगर आहे न मले. तळव्याले कधी कधी काही समजतच नाही. आधी अंगठ्यानं ब्रेक लागत होता, आता दगडावानी लागते. पूरा जोर लावतो मी." खिळ्यावरच्या चावीकडे बघून म्हणाला, "अन् त्या भार्गवनं चालवली अन् नाही पडली बंद, त?"

म्हणजे हे होतं. गाडी दाखवायची नव्हती, कारण गाडी बरी निघाली तर पाय गेला हे पक्कं झालं असतं. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. चावी खिळ्यावरून काढली आणि म्हटलं, "चला."

भार्गवनं बॉनेट उघडलंच नाही. सरळ आत बसला, गाडी चौकापर्यंत नेली, वळवून आणली आणि आमच्यासमोर ब्रेक मारला. इंजिन थरथरलं, खोकलं, बंद.

"पडली!" शामराव ओरडला. "पडली ना! तुयाही पायानं पडली!" भर रस्त्यात शववाहिनी बंद पडलेली आणि म्हातारा टाळ्या वाजवून राहिला. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

भार्गव खाली उतरला. "हव चाचा, मेरा पैर भी गया समझो."

मग त्यानं गाडी पुन्हा पळवली. या वेळी पायाचा ब्रेक न लावता हळू करत हँडब्रेकवर थांबवली. इंजिन चालूच. पुन्हा पायानं ब्रेक, पुन्हा बंद. म्हणजे थांबल्यानं नाही, ब्रेक दाबल्यानं बंद पडते. डॅशबोर्डाखाली कान लावून त्यानं शामरावला पेडल दाबायला सांगितलं. सापानं फूत्कार टाकावा तसा आवाज आला. त्यानं पक्कडीनं बूस्टरची नळी चिमटली. आता ब्रेक दाबूनही इंजिन एका सुरात.

ब्रेकचा बूस्टर म्हणजे थाळीएवढा एक डबा. इंजिन त्यातली हवा ओढतं, त्या जोरानं पायाला मदत होते. त्याच्या आतलं रबर फाटलं होतं. ब्रेक दाबला की बाहेरची हवा इंजिनात घुसायची आणि ते बंद पडायचं. आणि पायाला मदत नाही, म्हणून पेडल दगड.

"म्हणजे दगडही गाडीचाच होता?" शामरावनं विचारलं.

"गाडीचाच," मी म्हटलं.

तो तिथल्या जुन्या टायरवर बसला आणि चप्पल काढून कितीतरी वेळ तळवा चोळत राहिला.

नवा बूस्टर दुसऱ्या दिवशी आला. शामरावनं अंगठ्यानं पेडल दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं, उगाचच दाबत राहिला.

आठवड्याभरात अंजनाबाई गेल्या. गाडी विहारासमोर थांबली. अख्खी वंदना होईपर्यंत इंजिन चालू होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बंद पडायची तेव्हा सगळा पारा बघायचा.

घाटावर सगळं आटोपल्यावर शामरावनं सगळ्यांदेखत चावी राकेशच्या हातावर ठेवली.

माझा पारा चढला. "काका! मग मी काय झख मारायले भांडले?"

"उगाच नाही भांडली तू," तो म्हणाला. "बंद पडत होती तेव्हा देली असती त पाय गेला म्हणून देली असं झालं असतं. आता चालू गाडी देऊन राहिलो."

"चालू आहे त चालवा न!"

"थकलो पोट्टे. सगळ्याइले पोचवून पोचवून थकलो."

मीही थकलेच होते. आम्ही दोघं मागे, रिकाम्या चौकटीत जाऊन बसलो. त्यानं डोळे मिटून घेतले. राकेशनं गाडी सुरू केली, क्लच सोडला, गाडीनं हिसका दिला आणि बंद.

शामरावनं डोळेही उघडले नाहीत. चौकटीवर बोटं वाजवून म्हणाला, "हळू सोड रे बाबू. मागं माणूस असते."