दाळीचं पाणी, गीझरचं पाणी

घरातल्या नळाची धार बारीक झाली, की तुम्ही आधी कोणाला चोर ठरवता? मी मुख्तारभाईंना ठरवलं होतं.

पहूरच्या स्टँडमागे त्यांची टपरी. बाप कलईवाला. ह्यांनी तांब्याचे बंब सांधले, आणि नव्वदनंतर गावात चार-दोन गॅसचे गीझर आले तेव्हा तेही उघडून उघडून शिकले. कोणी शिकवलं नाही. मीही चौथीनंतर शाळा पाहिली नाही, त्यामुळे असा माणूस मला आवडायला हवा होता.

आमचा गीझर धाकट्या मेव्हण्यांनी दीपनगरहून आणून दिला, त्यांचा वापरलेला. त्याला टाकी नाही. नळ सोडला की भक्कन पेटतो आणि गरम धार. माझी मोठी बहीण बेबाअक्का बंबाच्या धुरातून सुटली. चौथ्या महिन्यात धार करंगळीएवढी झाली, मग पेटेनाच. मुख्तारभाईंनी आतली कॉइल निंबूफुलाच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या, पाण्यात भिजवून पांढरा चुना काढला आणि जाताना म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा.

माझं डोकं फिरलं. दीपनगरला हाच गीझर पाच वर्षं चालला, आणि इथं तीन महिने? अक्का घरच्या पाण्याच्या टाकीत रोज तुरटी फिरवते, पाणी काचेसारखं दिसतं. त्यात चुना येणार कुठून? हा माणूस अर्धवट साफ करतो आणि फेऱ्या वाढवतो, असं मी भर स्टँडवर ओरडून सांगितलं. माझा आवाज गावाला माहीत आहे. पंधरा दिवसांत कलईची भांडीसुद्धा त्यांच्याकडे जाईनाशी झाली.

तिसऱ्या महिन्यात गीझर पुन्हा बंद. मी बोलावलं नाही, ते स्वतःच आले. धुळ्याला भावाच्या गॅरेजवर जायचं ठरलंय म्हणाले, पण चोर म्हणवून गाव सोडणार नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. अक्काला विचारलं, "दाळीला पाणी कोणतं घेता?"

"जुन्या विहिरीचं. बोअरच्या पाण्यात दाळ शिजते का कधी?"

"मंग कॉइलनं काय पाप केलं, अक्का?"

अक्का पदर तोंडाला लावून हसली. गावातली प्रत्येक बाई दाळीसाठी वेगळा हंडा आणते, आणि मी बत्तीस वर्षं ती दाळ खातोय. जो चुना दाळ शिजू देत नाही तोच कॉइलमध्ये थर धरतो, आणि तुरटीनं गाळ बसतो, पाण्यात विरघळलेला चुना नाही, हे मग मुख्तारभाईंनी समजावलं. दीपनगरला पाणी नदीचं, इथं बोअरचं. आच बारीक ठेवा, धार मोठी ठेवा. चुना कमी बसेल, पण बसेलच.

दुसऱ्या दिवशी त्याच स्टँडवर, त्याच आवाजात मी माझी चूक सांगितली. पण बदनामी पळते तशी माफी पळत नाही. मुख्तारभाईंनी जाणं फक्त दिवाळीपर्यंत पुढं ढकललंय.

तेव्हा गीझर असो की कलई उडालेलं पातेलं, घेऊन त्यांच्या टपरीवर या. माझं ऐकून ज्यांनी पाठ फिरवली, त्यांनी आधी या.