लाल चौकोनातले डॉमनिकभाऊ

आमच्या वसई पूर्वेच्या पंपांच्या कारखान्यात माल वेळेवर निघत नाही, किस्से मात्र रोज निघतात! चहाला चार टाळकी जमली की झालं सुरू. त्यातले सगळ्यात ताजे हे, केतकी आली तेव्हाचे.

केतकी म्हणजे साहेबांनी बोलावलेली इंजिनिअर पोरगी. ऑर्डर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली की कॉम्प्युटरमध्ये वेळेची नोंद पडते. त्या वेळा गोळा करून माल कुठे तुंबतो, याचा ती नकाशा काढणार होती. त्याला म्हणे प्रोसेस मायनिंग म्हणतात.

*

आपली वेळ मोजली जातेय म्हटल्यावर सगळे असे सुटले! आली ऑर्डर की दाब बटण, ढकल पुढे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक ऑर्डर कारखानाभर फिरून डिस्पॅचला पोचलीसुद्धा.

केतकी खूश. "वा! वेटिंग टाइम शून्य!"

डिस्पॅचचा सुर्वे ओरडला, "मॅडम, पंपही शून्य! अजून बनलाच नाहीये!"

*

मग नकाशात दिसलं की पॅकिंगचा माल सारखा टेस्टिंगला परत जातो. केतकी वही घेऊन पॅकिंगच्या कल्पनाताईंकडे गेली. "काय डिफेक्ट निघतो, ताई?"

"डिफेक्ट कसला गं? माल परत पाठवला की सोबत जावं लागतं. टेस्टिंगला एसी आहे!"

*

इथवर आम्ही हसत होतो. मग नकाशात मोठा लाल चौकोन उगवला आणि त्यावर नाव आलं क्वालिटीच्या डॉमनिकभाऊंचं. सगळ्यात जास्त माल म्हणे त्यांच्याकडे अडतो.

साहेब म्हणाले, "महिनाअखेरीला यांना मोकळं करू."

सांडोरचा हा सरळ माणूस, सगळी हयात इथेच गेली. "घरी कसं सांगू?" एवढंच मला म्हणाले. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

*

पण केतकी हुशार. तिने पुन्हा पाहिलं तर डॉमनिकभाऊ एकाच वेळी टेस्टिंगला, पॅकिंगला आणि स्टोअरलासुद्धा!

"हे कसं काय?" तिने स्टोअरमध्ये येऊन मलाच विचारलं.

काय सांगणार, कप्पाळ! आमचे पासवर्ड सारखे बंद पडतात. डॉमनिकभाऊंचा कधीच नाही. शेजारून साखर आणावी तसे आम्ही सगळे त्यांच्याच नावाने लॉगिन करतो. साहेबांसमोर एकेकाने कबूल केलं.

*

तरी साहेब हटेनात. "ते जाऊ दे. हा मोठा लॉट बघा. दिवसभर 'होल्ड'वर! आणि होल्ड फक्त क्वालिटीवालाच टाकतो. म्हणजे हे डॉमनिकच!"

केतकीने तारीख वाचली. डॉमनिकभाऊ उभे राहिले.

"साहेब, त्या दिवशी माझ्या मुलीचं लग्न होतं. पापडीच्या चर्चमध्ये. हे सगळे तिथेच होते."

"सगळे?"

"सगळे. तुम्हालाच जमलं नाही. तुम्ही इथूनच फोन केलात, अर्जंट काम आहे म्हणालात."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"डॉमनिक, तुम्ही कुठेही जायचं नाही. कामाला लागा."

हुश्श! कल्पनाताईंनी तर डोळ्यांना पदर लावला.

"आणि तो पासवर्ड आधी बदला!" साहेब कडाडले आणि तरातरा निघाले.

दारात थांबले. मागे वळून हळूच म्हणाले, "बदललात की नवा मलाही सांगा."